इन्कॉग्निटोत सगळं गुप्त राहतं? नाही

‘इन्कॉग्निटोत उघडा, कुणाला काही कळत नाही’ हा सल्ला परभणी-हिंगोलीकडं ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत आजही सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. इन्कॉग्निटो म्हणजे गुगलच्या क्रोम ब्राउझरमधली टोपी-चष्म्याचं चित्र असलेली काळी खिडकी. ती बंद केली की ब्राउझर त्या वेळची हिस्ट्री आणि कुकीज (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) पुसतो, बस्स. तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दिसू शकतं. साइटला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांकही कळतो.

याच मुद्द्यावरून २०२० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात गुगलवर खटला दाखल झाला. २०२४ च्या तडजोडीत कंपनीनं अशा ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं किंवा त्यांतून ओळख पटणार नाही असं करायचं मान्य केलं. म्हणजे नोंदी होत होत्याच.

मला जास्त काळजी वाटते ती डाउनलोडची. पीक विम्यासाठी काढलेला सातबारा, बँकेचं स्टेटमेंट खिडकी बंद केल्यावरही दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये तसंच पडून राहतं. पुढच्या गिऱ्हाइकाला ते सहज उघडता येतं. तेव्हा काम झालं की फाइल स्वतः डिलीट करा, रिसायकल बिन रिकामा करा आणि इन्कॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या बंद करूनच उठा. एक जरी उघडी राहिली तर लॉगिन चालू राहू शकतं.