पेशीची पानगळ आणि पेशीचा खवटपणा

पेशी मेली एवढं कळून भागत नाही. ती कशी मेली, यावर तिच्या शेजारणीला वाचवायचा उपाय ठरतो. मज्जारज्जूला जबर मार बसतो तेव्हा तिथे दोन वेगळी मरणं एकाच वेळी चाललेली असतात आणि ती सर्रास एकच समजली जातात.

त्यातलं अपॉप्टोसिस हे नाव १९७२ सालचं, मूळ ग्रीक शब्द पानगळीचा. पेशी निगुतीने आवरतं घेते. आक्रसते, केंद्रकाचे तुकडे होतात, सगळा ऐवज छोट्या छोट्या पुडक्यांत बांधला जातो आणि आजूबाजूच्या पेशी ती पुडकी गिळून टाकतात. या कामाला कॅस्पेज नावाची एन्झाइम्स लागतात.

दुसरं फेरोप्टोसिस. हे नाव २०१२ साली कोलंबिया विद्यापीठातल्या ब्रेंट स्टॉकवेल यांच्या गटाने दिलं. फेरम म्हणजे लोह, म्हणून 'पेशी गंजते' असं सांगायची पद्धत आहे. मला ती पटत नाही, कारण इथे बिघडते ती चरबी. जवसाची चटणी फार दिवस राहिली की तिला खवट वास येतो ना, तेच पेशीच्या आवरणातल्या स्निग्धाम्लांचं होतं आणि लोह त्याला जोर देतं. एरवी जीपीएक्स-४ हे एन्झाइम ग्लुटाथायोन या पेशीतल्याच संरक्षक रसायनाच्या मदतीने ही बिघडलेली चरबी निस्तरत असतं. ग्लुटाथायोन संपलं की आवरण फाटतं. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक जवळपास धड दिसतं, आक्रसलेली असतात ती मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाकेंद्रं.

मज्जारज्जूत याला आयतं रान मिळतं. रक्तस्राव होतो, हिमोग्लोबिन फुटून लोह मोकळं होतं, आणि मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं वेष्टन तर चरबीने गच्च भरलेलं. मणक्यांमधल्या झिजत्या चकतीतही, गाभ्याच्या पेशींत, हाच प्रकार प्रयोगशाळेत दिसला आहे.

कॅस्पेज अडवणाऱ्या औषधाने फेरोप्टोसिस थांबत नाही. लोहाला बांधून ठेवणाऱ्या डेफेरॉक्सामाइनने थांबतं. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारात वारंवार रक्त चढवावं लागून अंगात लोह साचतं, त्या मुलांच्या आईवडिलांना हे औषध माहीत असेल. मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांमध्ये त्याने फायदा दिसला, पण माणसांच्या मज्जारज्जूसाठी तो अजून रुळलेला उपचार नाही.

आणि हे वाचून कुणी लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत, ही कळकळीची विनंती. इथलं लोह जखमेत सुटलेलं, पेशीत साचलेलं. हिमोग्लोबिन कमी म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचा या गोष्टीशी संबंध नाही.