ब्रेक धरतो, पण सोडतो कोण?

पेडलवर पाय दिला की ब्रेक लागतो. पाय उचलल्यावर तो सुटतो कसा, हा प्रश्न गाड्यांवर जीव टाकणाऱ्या माणसाला विचारून पाहा. ‘आत स्प्रिंग असेल की!’ हे उत्तर हमखास येते. जुन्या ड्रम ब्रेकपुरते ते खरेही आहे. तिथे जाडजूड स्प्रिंगा ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे तुकडे, मागे खेचून घेतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, पिस्टन पॅड दाबतो. त्या पिस्टनला मात्र सहसा अशी कुठलीच स्प्रिंग नसते. ताशी दोनशेच्या वेगात धावणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्येही ब्रेक सोडवण्याचे काम करते ती चौकोनी छेदाची रबराची एक साधी गोल कडी, म्हणजे सील.

कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कच्या कडेवर बसून पिस्टन आणि पॅड धरणाऱ्या भागाच्या, आत एका खाचेत हे सील बसवलेले असते आणि पिस्टन त्याच्या मधून जातो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनला पुढे ढकलतो. सीलने पिस्टनला घट्ट कवटाळलेले असते, त्यामुळे त्याची आतली कड पिस्टनबरोबर थोडी पुढे ओढली जाते आणि रबर पिळवटते. दाब गेला की रबर मूळ आकारात परतते आणि जाताना पिस्टनला मागे घेऊन जाते. किती मागे? मिलिमीटरचा लहानसा अंश, बस्स. पॅड झिजत जातो तसा पिस्टन सीलमधून हळूहळू पुढे सरकून नवी जागा घेतो, म्हणून हे अंतर वर्षानुवर्षे तेवढेच राहते. इतक्या स्वस्त तुकड्यातून इतके बिनचूक काम करून घेणारी रचना यंत्रशास्त्रात क्वचितच सापडते.

आणि पॅड? त्याला तर कोणीच मागे खेचत नाही. पिस्टनने रेटा सोडला की फिरत्या डिस्कची बारीकशी डुगडुग त्याला जरा बाजूला सारते. हे जमायला पॅड आपल्या जागेत सैल सरकायला हवा. ब्रेक नीट सुटला नाही की ‘पॅड अडकला’ म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच, की मिलिमीटरच्या त्या अंशावर कोणीतरी अतिक्रमण केले आहे.

सर्वात निरुपद्रवी अतिक्रमण गंजाचे. गाडी धुतली, ओल्या चाकांनीच उभी केली, वर हँडब्रेक ओढला आणि पंधरा दिवस हात लावला नाही. डिस्क बीडाची, म्हणजे लोखंडाचीच. अनेक पॅडमध्येही लोखंडाचे तंतू असतात. दोघांमध्ये पाण्याचा थर राहिला की गंज दोन्हीकडून वाढतो आणि मधे सिमेंट भरल्यासारखे होते. गाडी हलवताना ‘टक्’ असा आवाज येऊन ती सुटते तो हाच सांधा. एक-दोनदा अलगद पुढे-मागे केल्यावरही सुटली नाही तर इंजिनाचा जोर लावत बसू नये. पॅडवरचा घर्षणाचा थर पोलादी पाठीपासून उखडून डिस्कलाच चिकटून राहू शकतो. कार्बन-सिरॅमिक डिस्कला गंजाची अशी भीती नाही, पण तिची किंमत ऐकल्यावर गंजच बरा वाटतो.

वेगवान गाड्यांची खरी डोकेदुखी कॅलिपरच्या आत असते. दीड हजार किलोची गाडी ताशी 200 किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे 23 लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तेवढ्या उष्णतेत साधारण सात लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला येईल, आणि ब्रेक हे काही सेकंदांत पचवतो. वेग निम्मा असता तर ऊर्जा चौथाईच लागली असती. म्हणून अशा गाड्यांत पॅड लांबरुंद, पिस्टन चार किंवा सहा, आणि कॅलिपर वजनाला हलक्या ॲल्युमिनियमचे असतात.

आता थोडे गणित. पॅडची पोलादी पाठ 150 मिलिमीटर लांब आहे आणि ती 300 अंशांनी तापली असे समजा. ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त लांबेल. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, पण कॅलिपर तितका तापत नाही. तो 100 अंशांनीच तापला तर पॅडची जागा सुमारे 0.35 मिलिमीटरने वाढेल. म्हणजे थंड असताना पॅडच्या टोकांशी जी फट होती, तिच्यातली जवळजवळ 0.2 मिलिमीटर गायब! थंड गाडीत पॅड किंचित खुळखुळला तर काहींना तो दोष वाटतो. ती फट मुद्दाम ठेवलेली असते.

ही फट खाणारा चोर मात्र विचित्र जागी लपतो. पॅडच्या रेट्याने मऊ ॲल्युमिनियम झिजू नये म्हणून अनेक कॅलिपरमध्ये पॅड टेकतो तिथे स्टेनलेस स्टीलची पातळ पट्टी स्क्रूने बसवलेली असते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले, मधे ओल आणि थोडे मीठ. झाली की बॅटरी तयार! या बॅटरीत बळी जातो ॲल्युमिनियमचा. पट्टीखाली त्याच्या ऑक्साइडची पांढरी भुकटी साचत जाते. तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून ती पट्टीला खालून उचलते. पट्टी वर आली की पॅडची जागा आवळली. वरून सगळे चकचकीत दिसते आणि मेकॅनिक म्हणतो, ‘नवा पॅड जरा मोठा आलाय’. मग पॅडचे कान, म्हणजे कॅलिपरमध्ये टेकणारी टोके, घासून तो ठोकून बसवला जातो. मला हा उपाय अजिबात पटत नाही. फुगवटा खाली तसाच वाढत राहतो, पुढच्या वेळी आणखी घासावे लागते. पट्टी काढून खालची पांढरी खपली खरवडली, स्क्रूची भोके साफ केली, की तोच ‘मोठा’ पॅड हाताने सरकतो.

ट्रॅकवर जाणाऱ्या गाड्यांची आणखी एक गंमत. शर्यतीच्या अनेक कॅलिपरमध्ये पिस्टनवर धूळ अडवणारे रबरी बूट नसतातच, कारण त्या तापमानात ते जळून जातात. रोजच्या रस्त्यावर अशा उघड्या पिस्टनवर ब्रेकची काळी धूळ आणि पाणी यांचा लेप बसतो. पॅड झिजून पिस्टन बराच पुढे आलेला असताना, आणि नवे पॅड घालायला तो मागे दाबताना, तोच लेप सीलमध्ये घुसतो. म्हणून मागे दाबण्याआधी पिस्टन पुसून घ्यावा.

अडकलेला पॅड आपली खबर देतोच. गाडी एका बाजूला ओढते, एका रिमवर जास्त काळे बसते, करपल्याचा वास येतो. पॅडने फक्त 100 न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलो वजनाइतक्या बलाने गाडीला मागे ओढले, तरी ताशी 108 किलोमीटरला एका चाकापाशी तीन किलोवॉट उष्णता सतत तयार होते. तीन इस्त्र्या डिस्कला टेकवून ठेवल्यासारखेच. ही उष्णता पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ताज्या डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो. हवेतली ओल शोषून झाल्यावर त्याची हमी 155 अंशांवर येते. ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. पेडल मऊ पडून खाली जाते ते यामुळे.

दोष पॅडचा की ऑइलच्या दाबाचा, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, चाक हाताने फिरत नाही याची खात्री करा आणि कॅलिपरचे ब्लीड निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचे छोटे तोंड, किंचित सैल करा. ऑइल उडून चाक मोकळे झाले तर दाब आत कोंडला होता. अशा वेळी ब्रेकचा रबरी पाइप आतून सुजलेला असू शकतो. ऑइल पेडलच्या जोराने पुढे जाते, पण परतताना वाट सापडत नाही. निपल उघडूनही चाक हटून बसले, तर गुन्हेगार पॅड, पिस्टन किंवा ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या पिना.

पॅड काढताना सगळ्यांचा हात हातोडीकडे जातो. माझाही गेला होता, आणि पॅड धरून ठेवणाऱ्या पिनचे डोके तेवढे चपटे झाले. पावसाळ्यात फुगलेला लाकडी ड्रॉवर एकाच कोपऱ्यातून ओढला तर तिरका होऊन आणखी रुततो, पॅडचेही तसेच. आधी पिन आणि पॅड दाबून धरणारी दाबपट्टी काढायची. मग पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये सपाट पटाशी घालून, डिस्कला चरा न पडू देता, पॅड समान रेट्याने थोडा मागे सारायचा. दुसऱ्याने पेडल हलके दाबून तो पुढे आणायचा. असे मागे-पुढे चार-पाच वेळा केले की गंजाची पकड तुटते. पॅड बाहेर असताना मात्र कोणी पेडलला पाय लावू नये, पिस्टन उडून हातात येईल. पिस्टन मागे दाबताना निपल उघडून पाइप बाटलीत सोडला तर मळके ऑइल चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेच्या नाजूक झडपांकडे उलटे जात नाही. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर मागच्या चाकांना हात लावण्याआधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे हँडब्रेक मोकळा ठेवणाऱ्या दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये, टाकावी लागते.

गंज सोडवणारे तेल इथे फवारू नये. पॅडवर गेले तर तो पॅड फेकायचाच, आणि सीलवर गेले तर नुकसान त्याहून मोठे. ही सीले ज्या रबराची असतात, ते ब्रेक ऑइलमध्ये सुखाने नांदते, पण खनिज तेल लागले की फुगते. साधे ग्रीस याच कारणाने वर्ज्य. पॅडच्या कानांना उच्च तापमानाचे ब्रेक ग्रीस, तेही नखावर मावेल एवढेच. धूळ फुंकून उडवू नये, ब्रेक क्लीनरने धुवून काढावी.

सगळे जोडल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिले दोन-तीन दाब पोकळ जातात. पेडल कडक झाले की ते सोडून चाक हाताने फिरवा. पॅडचा ‘सर्र सर्र’ असा अगदी हलका आवाज येईल. तो येऊ द्या. पॅड डिस्कला जेमतेम स्पर्श करतो आहे आणि चाक तरी फिरते आहे, म्हणजे सीलने पिस्टन हवा तेवढाच मागे घेतला आहे.