सातूच्या मडक्याचा प्रवास

पंचतंत्रातला कंजूष ब्राह्मण भिक्षेत मिळालेल्या सातूचं मडकं खुंटीला टांगतो आणि त्याखाली खाटेवर पडून बेत आखतो. दुष्काळात सातूचा चांगला भाव येईल, त्यातून शेळ्या, मग गाई, म्हशी, घोड्या, घर, बायको आणि सोमशर्मा नावाचा मुलगा. बायको मुलाला उचलून घेत नाही म्हणून तो लाथ झाडतो, ती लागते मडक्याला, आणि सोमशर्म्याचा बाप सातूने पांढराफटक होतो.

ही गोष्ट जगभर पोचली ती नुसती तोंडोतोंडी नाही. तिच्यामागे भाषांतरकारांची परंपरा आहे, आणि मला त्यांचं फार मोल वाटतं. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिर्वान याच्या दरबारातला वैद्य बुर्झोय याने पंचतंत्र पहलवी या इराणच्या जुन्या भाषेत नेलं. ते भाषांतर आज हरवलं आहे. पण त्यावरून सन 750 च्या सुमारास इब्न अल-मुकफ्फा या इराणी वंशाच्या लेखकाने अरबी ‘कलीला व दिम्ना’ लिहिलं. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे तिथे कलीला आणि दिम्ना झाले. आपल्याकडे कपटाने बैलाचा जीव घेऊनही दमनक मंत्रिपदावर राहतो. अरबी ग्रंथात मात्र एक नवा अध्याय आहे: दिम्नावर खटला चालतो, पुरावे येतात आणि त्याला मृत्युदंड होतो. भाषांतर करताना न्यायाचा एवढा विचार झाला, हे मला विलक्षण वाटतं.

युरोपातल्या बहुतेक आवृत्त्या या अरबी ग्रंथातूनच निघाल्या. अकराव्या शतकात ग्रीक, पुढे हिब्रू, 1251 मध्ये स्पॅनिश. हिब्रूवरून तेराव्या शतकात कापुआच्या जॉनने लॅटिन केलं, आणि इटालियनमधून 1570 मध्ये टॉमस नॉर्थने इंग्रजी.

सातूचं मडकं वाटेत बदलत गेलं. अरबीत ते तूप-मधाचं झालं आणि लाथेच्या जागी काठी आली. चौदाव्या शतकातल्या स्पेनमधल्या गोष्टीत दोन्या त्रुहाना नावाची बाई डोक्यावर मधाचं भांडं घेऊन बाजाराला निघते. फ्रान्समध्ये ला फोंतेन या कवीच्या 1678 च्या बोधकथासंग्रहात पेरेत नावाची गवळण दुधाचं मडकं घेऊन चालते. आपल्या बऱ्याच कथांबद्दल त्याने ‘पिलपे’ या भारतीय ऋषीचे आभार मानले आहेत.

दुसरी वाट परत इकडे आली. आजच्या अफगाणिस्तानातल्या हेरातमध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीस काशिफी या लेखकाने याच कथा फारसीत नव्याने सांगत ‘अन्वार-इ-सुहैली’ रचलं. त्याची भाषा अलंकारांनी जड झालेली, म्हणून अकबराने अबुल फझलकडून ती सोपी करवून घेतली.