लॅपरोस्कोपिक बृहदांत्र शस्त्रक्रिया
मोठ्या आतड्याचा रोगग्रस्त भाग पोटावर लांब छेद न घेता, बारीक छिद्रांतून घातलेला कॅमेरा आणि लांब दांड्याची उपकरणे वापरून काढून टाकण्याची पद्धत. मराठीत हिला सरसकट ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ म्हणतात. शब्द ढोबळ असला तरी चुकीचा नाही. कॅमेऱ्यापुढे जोडलेल्या भिंगांच्या नळीला शस्त्रक्रियागृहातही टेलिस्कोपच म्हणतात. कर्करोग, डायव्हर्टिक्युलायटिस (आतड्याच्या भिंतीत तयार झालेल्या पिशव्यांचा दाह), आतड्याचे दीर्घकालीन दाह अशा अनेक विकारांत ही पद्धत वापरतात. मात्र तिच्याविषयीचा सारा वाद कर्करोगाभोवती झाला, त्यामुळे या नोंदीत मुख्यतः तोच विचारात घेतला आहे.

तंत्र : पूर्ण भूल दिल्यावर पोटात कार्बन डाय-ऑक्साइड भरून पोटाची भिंत आतील अवयवांपासून वर उचलतात. दाब साधारण १२ ते १५ मिमी. पारा इतका ठेवतात. हा वायू पेट घेत नाही, त्यामुळे विजेच्या उपकरणाने रक्तवाहिन्या भाजून बंद करता येतात. शिवाय तो रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. उजव्या बाजूचे बृहदांत्र काढायचे असेल तर टेबल डावीकडे व डोक्याकडे कलते करतात. लहान आतडे आपल्याच वजनाने बाजूला सरकते आणि काम करायला जागा मोकळी होते. मग आंत्रबंध, म्हणजे आतड्याला पाठीमागच्या भिंतीशी जोडणारा व रक्तवाहिन्या वाहून नेणारा पडदा, चिमट्याने वर ताणतात. ताणलेल्या पडद्यात मुख्य रक्तवाहिनी तंबूच्या दोरीसारखी उठून दिसते. तिच्या खालून शिरून, मागे ग्रहणी (ड्युओडेनम) सांभाळत, वाहिनी मुळाशी क्लिप लावून कापतात. त्यानंतर आतडे बाहेरच्या बाजूने सोडवतात. उघड्या शस्त्रक्रियेत हा क्रम बहुधा उलटा असे.

हाताला गाठ लागत नाही, ही या पद्धतीची मूळ अडचण. उघड्या पोटात शल्यविशारद आतडे बोटांत धरून गाठ चाचपतो, येथे ती कॅमेऱ्याच्या चित्रपटलावर दिसली तरच कळते. म्हणून लहान गाठ असल्यास आधी कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून नळी घालून आतड्याची तपासणी) करून गाठीजवळ आतड्याच्या भिंतीत कार्बनयुक्त काळी शाई टोचून ठेवतात. बाहेरून दिसणारा तो काळा ठिपका हीच खूण. शेवटी बेंबीपाशी काही सेंटिमीटरचा छेद घेऊन, जखमेच्या कडांना प्लास्टिकचे आवरण लावून, कापलेला भाग बाहेर काढतात. या आवरणाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

प्रारंभाचा वाद : पोटात नळी घालून पाहण्याची कल्पना जुनी आहे. गेओर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्यावर हा प्रयोग दाखवला, तर माणसावरील वापर हान्स क्रिस्तियान याकोबेउस यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केला. पुढे जर्मनीतील कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी या मार्गाने अपेंडिक्स काढले. त्याचे साल बहुतेक ठिकाणी १९८० दिले जाते, काही ठिकाणी १९८१. पित्ताशयाच्या बाबतीत एरिख म्यूहे (१९८५) आणि फिलिप मूरे (१९८७) यांच्यापैकी श्रेय कोणाला, हा वाद बराच काळ चालला. आज म्यूहे यांचा अग्रक्रम मान्य झाला आहे.

मोठ्या आतड्याबाबत ‘पहिली शस्त्रक्रिया कोणाची’ या प्रश्नाचे उत्तर ‘शस्त्रक्रिया’ कशाला म्हणायचे यावर ठरते. सर्वसाधारणपणे मायामी येथील मोइझेस जेकब्स यांनी जून १९९० मध्ये केलेले उजव्या बृहदांत्राचे उच्छेदन (कापून काढणे) पहिले मानतात. जेकब्स आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये वीस रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. मात्र त्या शस्त्रक्रियेत आतडे आतून सोडवले असले तरी कापणे आणि जोडणे छोट्या छेदातून, पोटाबाहेर झाले होते. काही लेखक म्हणूनच तिला ‘लॅपरोस्कोप-साहाय्यित’ या वेगळ्या वर्गात टाकतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेनिस फाउलर यांनी डाव्या बाजूच्या सिग्मॉइड (गुदाशयाआधीच्या वळणदार) भागाचे उच्छेदन केले. छिद्रातून आत जाईल असा, आतडे कापून टाचणारा स्टेपलर तेव्हा नुकताच हाती आला होता आणि त्यामुळे आतडे पोटाच्या आतच कापता आले. १९९० मध्येच पॅट्रिक लेहि यांनी गुदाशयाच्या वरच्या भागातील कर्करोग काढून खालचा जोड केला. जोडासह सारे काम आत उरकलेले उजव्या बाजूचे उच्छेदन जोसेफ उडो यांच्या नावावर, १९९१ मधले, सांगितले जाते.

या क्रमवारीत जेकब्स यांना अग्रमान देणेच सयुक्तिक दिसते. जोड आत केला की बाहेर, हा तपशील तेव्हाच्या उपकरणांनी ठरवला होता. आजही उजव्या बाजूच्या कित्येक शस्त्रक्रियांत जोड बाहेरच करतात आणि तरीही त्यांना कोणी अर्ध्या म्हणत नाही. फाउलर यांचे काम वेगळ्या अर्थाने निर्णायक ठरते : स्टेपलरशिवाय डाव्या बाजूची शस्त्रक्रिया या मार्गाने सहजी रुळली नसती.

छिद्रांतील पुनरुद्भव (रोग पुन्हा उगवणे) : पित्ताशयाची नवी पद्धत दोन-तीन वर्षांत जगभर पसरली. बृहदांत्राची तशी पसरली नाही, आणि त्याचे कारण कौशल्याचा अभाव एवढेच नव्हते. १९९३ पासून उपकरणे घातलेल्या छिद्रांच्या जागीच कर्करोग उगवल्याची उदाहरणे प्रसिद्ध होऊ लागली. १९९४ मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या एका छोट्या पत्रात १४ पैकी ३ रुग्णांत असे घडल्याचे नोंदवले होते. म्हणजे २१ टक्के. उघड्या शस्त्रक्रियेच्या जखमेत असा पुनरुद्भव जुन्या रुग्णमालिकांत सुमारे १ टक्का आढळला होता. चौदा रुग्णांवरून टक्केवारी काढणे धाडसाचेच, पण तो आकडा पुढची दहा वर्षे प्रत्येक चर्चेत उद्धृत होत राहिला.

कारणांविषयी अनेक मते पुढे आली : गळणाऱ्या वायूबरोबर पेशी छिद्राकडे ओढल्या जातात, चिमट्याने गाठ दाबली जाऊन पेशी सुटतात, अरुंद छेदातून गाठ जोराने ओढताना कडांना पेशी चिकटतात. प्राण्यांवरील प्रयोगांत यांपैकी प्रत्येक मताला थोडाफार आधार मिळाला. तथापि पुढे अनुभवी हातांत हा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. हे पाहता दोष वायूपेक्षा हाताळणीचा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जखमेच्या कडांना आवरण लावण्याची रीत याच काळात रूढ झाली. अमेरिकेतील गुदांत्र-शल्यविशारदांच्या संस्थेने १९९४ मध्ये, कर्करोगासाठी ही पद्धत चाचणीबाहेर वापरू नये, अशी भूमिका घेतली.

चाचण्या : या भूमिकेमुळे काहींच्या कारकिर्दी शस्त्रक्रियागृहाइतक्याच आकडेवारीच्या तक्त्यांत गेल्या. बार्सिलोनाच्या हॉस्पिटल क्लिनिकमधील अँतोनिओ लासी यांनी २१९ रुग्णांवरील चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. तीत लॅपरोस्कोपिक गटाचे कर्करोगविषयक निष्कर्ष चक्क सरस निघाले, विशेषतः तिसऱ्या अवस्थेतील रोगात. एकाच केंद्रातील हा निष्कर्ष मोठ्या चाचण्यांत पुन्हा दिसला नाही, त्यामुळे तो जपूनच वाचावा लागतो.

निर्णायक मानली जाते ती मेयो क्लिनिकच्या हायडी नेल्सन यांच्या नेतृत्वाखालील, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकन चाचणी. ४८ रुग्णालयांतील ८७२ रुग्ण तीत होते. भाग घेणाऱ्या प्रत्येक शल्यविशारदाने किमान २० अशा शस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात आणि एकीचे चित्रीकरण तपासणीस द्यावे, अशी अट होती. तीन वर्षांत पुनरुद्भव लॅपरोस्कोपिक गटात १६ टक्के, उघड्या गटात १८ टक्के, आणि जखमेतील पुनरुद्भव दोन्हीकडे १ टक्क्याहून कमी. दहा वर्षांची भीती या एका ओळीत ओसरली. फायदा मात्र प्रचारात सांगत तेवढा मोठा नव्हता : रुग्णालयातील मुक्काम सहाऐवजी पाच दिवस, वेदनाशामके थोडी कमी. शिवाय २१ टक्के रुग्णांत मध्येच पोट उघडावे लागले. ब्रिटिश चाचणीत (७९४ रुग्ण, २००५) हे प्रमाण २९ टक्के होते. युरोपीय चाचणीचे (१,२४८ रुग्ण) निष्कर्षही एकंदरीत याच दिशेचे आहेत. नेल्सन पुढे अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या कर्करोग कार्यक्रमांच्या प्रमुख झाल्या.

गुदाशय : बृहदांत्राचा निकाल गुदाशयाला जसाच्या तसा लागू होत नाही. अरुंद कटिरात (ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळीत) सरळ दांड्याची उपकरणे वळत नाहीत. इंग्लंडमधील बेसिंगस्टोकचे शल्यविशारद बिल हील्ड यांनी १९८२ पासून मांडलेल्या तत्त्वानुसार गुदाशयाभोवतीचे मेदयुक्त वेष्टन अखंड निघाले पाहिजे. ते फाटले तर रोग तेथेच परतण्याचा धोका वाढतो. म्हणून काढलेल्या भागाचे वेष्टन गुळगुळीत आहे की खरवडलेले, हे विकृतिवैज्ञानिक (पॅथॉलॉजिस्ट) डोळ्यांनी पाहून श्रेणी देतो. २०१५ मध्ये तीन चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. युरोपीय चाचणीत (१,०४४ रुग्ण) तीन वर्षांतील स्थानिक पुनरुद्भव दोन्ही गटांत ५ टक्के आढळला. अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन चाचण्यांत मात्र, काढलेल्या भागाच्या गुणवत्तेवरून, नवी पद्धत जुनीपेक्षा कमी नाही हे सिद्ध करता आले नाही. अमेरिकन चाचणीत यशस्वी उच्छेदन लॅपरोस्कोपिक गटात ८१.७, तर उघड्या गटात ८६.९ टक्के होते. तिचे प्रमुख जेम्स फ्लेशमन यांनीच २००७ मध्ये बृहदांत्र-चाचणीचे अनुकूल पंचवार्षिक निष्कर्ष मांडले होते. दोन्ही निकाल त्यांनी सारख्याच सरळपणे छापले, हे नोंदवण्याजोगे आहे. गुदाशयाच्या या चाचण्यांतील रुग्णांच्या पुढील पाहणीत रोगमुक्त जगण्यात लक्षणीय फरक दिसला नाही.

यंत्रमानवाच्या साहाय्याने मध्येच पोट उघडण्याचे प्रमाण घटेल अशी अपेक्षा होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४७१ रुग्णांच्या चाचणीत ते यंत्रमानवी गटात ८.१, तर साध्या लॅपरोस्कोपिक गटात १२.२ टक्के निघाले. फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही.

भारतात : मुंबईत तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ पासून निदानासाठी लॅपरोस्कोप वापरला आणि मे १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातील पहिले लॅपरोस्कोपिक पित्ताशय-उच्छेदन केले. मायामीतील शस्त्रक्रिया त्यानंतरच्या महिन्यातली. बृहदांत्राच्या कर्करोगाचे प्रमाण भारतात पाश्चात्त्य देशांहून कमी आहे. येथील मोठ्या रुग्णालयांच्या रुग्णमालिकांत मात्र गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटा मोठा आणि रुग्ण तुलनेने तरुण आढळतात. त्यामुळे २००४ च्या निकालापेक्षा २०१५ चा अनिर्णित वाद येथे अधिक लागू पडतो.