सातवं नाव लिहायचं का?

डॉक्टरकीच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेत अर्ज केलेल्या भाचीच्या रँक लिस्टमध्ये, म्हणजे पसंतीच्या यादीत, सहा हॉस्पिटलांची नावं पक्की झाली आहेत, सातव्यापाशी ती आठवडाभर अडली आहे. झूमवरच्या गप्पांत तिने तिथल्या रेसिडेंटना विचारलं होतं, "परत निवडायची वेळ आली तर इथेच याल?" दोघांनी कॅमेरे बंद केले. तिसरा म्हणाला, "शिकायला भरपूर मिळतं." चौथी नुसती हसली.

अमेरिकेत रेसिडेन्सीची, म्हणजे डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलात काम करत विशेषज्ञ व्हायच्या प्रशिक्षणाची, जागा 'मॅच'मधून मिळते. उमेदवार आपली यादी देतो, हॉस्पिटलांचे प्रशिक्षणाचे प्रोग्रॅम आपली देतात, आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी संगणकाने लावलेली जोडी दोघांनाही बंधनकारक असते. त्यामुळे नाखूश रेसिडेंटांचा प्रोग्रॅम यादीत टाकावा की नाही, हा प्रश्न दर वर्षी हजारोंना पडतो. तो असा अडचणीचा का झाला, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

रेसिडेंट म्हणजे मुळात शब्दशः रहिवासी. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९मध्ये सुरू झालं. तिथे सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी जी पद्धत बसवली, तिच्यात शिकाऊ डॉक्टरने हॉस्पिटलातच राहायचं, लग्न शक्यतो करायचं नाही, आणि खालून अनेक चढले तरी वर एखादाच पोचायचा. हॉलस्टेड स्वतः आधी कोकेनच्या आणि मग मॉर्फिनच्या आहारी गेले होते. अखंड जागरणाची परंपरा ज्याच्या नावावर आहे, त्याची ही बाजू वॉर्डात सहसा कुणी सांगत नाही.

पुढे इंटर्न कमी आणि जागा जास्त झाल्या, तशी हॉस्पिटलांची ओढाताण सुरू झाली. १९४४पर्यंत पदवीच्या दोन वर्षं आधीच मुलं ठरवून टाकली जात होती. मग कॉलेजांनी ठराविक तारखेआधी गुणपत्रकं द्यायचं बंद केलं, तर घाई दुसऱ्या टोकाला गेली. १९४५मध्ये उत्तर द्यायला दहा दिवस मिळत. १९४९मध्ये प्रस्ताव आला की मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाने तार पाठवावी आणि मुलाने दुपारी १२पर्यंत हो-नाही कळवावं. हॉस्पिटलांच्या संघटनेला हे बारा तासही जास्त वाटले!

या गोंधळातून १९५२ची पहिली मॅच जन्माला आली. आधी सुचवलेल्या पद्धतीत अवघड हॉस्पिटल पहिलं लिहून ते हुकलं, की खालच्या पसंतीतही फटका बसायचा. विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून ती बदलायला लावली. अर्थतज्ज्ञ अॅल्विन रॉथ यांनी १९८४मध्ये दाखवलं की ही रीत डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२मध्ये मांडलेल्या जोड्या लावायच्या गणिताशी जुळते, फक्त झुकतं माप हॉस्पिटलला देते. १९९८पासून ते उमेदवाराकडे वळवलं गेलं. २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं.

म्हणजे सातवं नाव लिहिल्याने वरच्या सहांना धक्का लागत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की हे सहा नाही मिळाले तर रिकाम्या हातापेक्षा हा बरा. गणिताला यापलीकडे काही विचारता येत नाही. ती चौथी का हसली, हे त्याला कुठून कळणार?

नाखुषीचाही इतिहास आहे. १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दगावली आणि तिच्या पत्रकार वडिलांनी थकलेल्या, देखरेखीविना राबणाऱ्या रेसिडेंटांचा प्रश्न धसास लावला. १९८९मध्ये त्या राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. देशभर ती यायला २००३ उजाडलं, तीही चार आठवड्यांच्या सरासरीने. २०११मध्ये पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला सलग १६ तासांची मर्यादा मिळाली, २०१७मध्ये ती पुन्हा २४वर गेली.

बरं, सोडून जावं म्हटलं तर दुसरी जागा सहज मिळत नाही. रेसिडेंटांच्या पगाराचा मोठा भार मेडिकेअर ही वृद्धांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना उचलते आणि त्या जागांवर १९९७मध्ये सरकारने कमाल मर्यादा घातली. मॅचमुळे पगाराची घासाघीस करता येत नाही, अशी तक्रार घेऊन काही डॉक्टर २००२मध्ये कोर्टात गेले. २००४मध्ये संसदेने पेन्शनच्या एका कायद्यात कलम घुसवून मॅचला स्पर्धा कायद्यातून मोकळं केलं आणि खटला बारगळला. मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात बोचरं पान हेच वाटतं.

त्यात आपल्याकडून गेलेल्यांचा व्हिसा प्रोग्रॅमला बांधलेला. अमेरिकन एमडी कॉलेजांतल्या (तिथे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी ९३ टक्क्यांच्या आसपास मॅच होतात. परदेशी नागरिक असलेल्या, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांपैकी साधारण ६०.

माझं मत भाचीला सांगितलं: दमलेले रेसिडेंट सगळीकडेच असतात, घाबरलेले दिसले तर नाव काढ. परवा रात्री त्या चौथीचा तिला मेसेज आला, "फॉर्मात तास आम्ही ऐंशीच भरतो. करतो किती, ते फोनवर सांगेन." खरे तास लिहिले तर प्रोग्रॅमची मान्यता धोक्यात, आणि मान्यता गेली तर त्या चौथीचंच प्रशिक्षण अर्धवट.

मी म्हटलं, "झालं की मग, काढून टाक."

"मामा," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी परत अर्ज करायचे पैसे तू देणार आहेस का?"

यादी अजून सर्टिफाय करून पाठवलेली नाही.