जुन्या लष्करी गणवेशांची कापडपरीक्षा

जुना म्हणून विकायला आलेला लष्करी गणवेश खरोखर त्या काळातला आहे का, हे कापड, रंग आणि शिवणीचा दोरा तपासून ठरवण्याची रीत. संग्राहक आणि वस्तुसंग्रहालये ती वापरतात. बिल्ले, फिती, बटणे सहज बदलता येतात. कापड बदलता येत नाही. मात्र या परीक्षेचा कौल एकतर्फी असतो. कापड खोटेपणा पकडून देते, खरेपणाची हमी क्वचितच देते.

दुसऱ्या महायुद्धातील गणवेशात आधी पॉलिएस्टर शोधतात. हा तंतू ब्रिटनमध्ये १९४१ साली तयार झाला, पण कपड्यांत आला तो युद्ध संपल्यावर. आतल्या शिवणीतला धागा काढून पेटवला, की सूत कागदासारखे जळून मऊ राख उरते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. अर्थात दोरा नंतरच्या दुरुस्तीचाही असू शकतो, म्हणून एका शिवणीवरून निकाल देऊ नये. नायलॉन सापडले म्हणूनही घाई नको. पॅराशूटसाठी ते युद्धकाळातच वापरात होते.

दुसरे साधन अतिनील दिव्याचे. युद्धानंतर कापडात आणि धुलाईच्या पावडरींत शुभ्रता वाढवणारी रसायने रुळली. अंधारात या दिव्याखाली ती निळसर चमकतात. या चाचणीचा बोलबाला फार, भरवसा तितका नाही. अस्सल सदराही नव्या पावडरीने धुतलेला असेल तर चमकतो, आणि अशी रसायने न वापरता केलेली नक्कल अंधारीच राहते.

जर्मन गणवेशांत उलटीच गंमत दिसते. लोकरीची टंचाई वाढत गेली तसे कापडात रेयॉनचे (लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या तंतूचे) आणि चिंध्या पिंजून काढलेल्या लोकरीचे प्रमाण वाढले. त्यामुळे १९४४ सालचा म्हणून दाखवलेला कोट फारच उंची लोकरीचा असला, तर संशय घ्यावा.

ब्रिटिश बॅटलड्रेसपुढे मात्र कापड पाहून फारसे हाती लागत नाही. १९३७च्या नमुन्याचा हा जाड लोकरी सर्जचा (तिरप्या विणीच्या कापडाचा) पोशाख युद्धानंतरही थोड्याफार फरकाने चालू राहिला आणि युरोपातल्या इतर सैन्यांनीही तो घेतला. तिथे लेबलवरचे साल, बाणाची सरकारी खूण आणि गळ्याची घडण पाहावी लागते. उघडी कॉलर हा १९४९च्या नमुन्याचा बदल. भारतात बनलेल्या खाकी ड्रिलच्या (टिकाऊ सुती कापडाच्या) कपड्यांवर बाणासोबत इंग्रजी ‘आय’ अक्षर असते. इटलीत लढलेल्या भारतीय तुकड्यांना, त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीही आली, थंडीत बॅटलड्रेस मिळे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एखाद्या माजी सैनिकाच्या ट्रंकेत ड्रिलसोबत जाड लोकरीचे जॅकेट निघाले, तर ती विसंगती मानू नये.