फिश टँकमधल्या माशांचे परजीवी आजार

माशाच्या कातडीवर, कल्ल्यांत किंवा आतड्यात राहून त्याच्याच जिवावर जगणाऱ्या जिवांमुळे होणारे आजार म्हणजे परजीवी आजार. यातले काही एकपेशीय असतात, काही चपटे कृमी, काही गोल जंत आणि काही तर चक्क कोळंबी-खेकड्यांच्या खानदानातले. मुंबईत टँक ठेवणाऱ्या बहुतेकांना यातला पहिला भेटतो तो पांढऱ्या ठिपक्यांचा 'इच'. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या बाजारातून रविवारी प्लास्टिकच्या पिशवीत मॉली मासळी आणायची, थेट टँकमध्ये सोडायची, आणि पुढच्या शनिवारपर्यंत जुन्या माशांच्या अंगावरपण मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके. दुकानदाराला नुसता दोष देऊन भागत नाही. हे मासे कोलकाता, चेन्नईकडून पॅक होऊन लांबचा प्रवास करून येतात, दमलेले असतात आणि दुकानात तर एकच जाळी दहा टँकमध्ये बुडत असते.

इच करणाऱ्या जिवाचं नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. याचं आयुष्य नीट समजून घ्यायलाच हवं कारण उपचार फसतात ते इथेच. आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे कातडीच्या आत शिरून बसलेला आणि माशाला खाऊन गुबगुबीत झालेला परजीवी, आणि वर माशाचीच कातडी असल्यामुळे पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की तो गळून खाली पडतो, तळाच्या खडीवर म्हणजे ग्रॅव्हलवर, झाडाच्या पानावर, काचेवर कुठेही चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत फुटत फुटत शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्लं तयार करतो. कवचातही औषध धड चालत नाही. मग ती पिल्लं बाहेर पडून नवीन मासा शोधत पोहतात आणि एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणजे जो ठिपका बघून आपण औषध टाकतो त्या ठिपक्याला ते औषध काहीच करत नाही, आणि तिसऱ्या दिवशी ठिपके गेले म्हणून बाटली कपाटात ठेवली की खाली कवचातली फौज मोकळी सुटते. "गेला होता, परत आला" असं लोक सांगतात तेव्हा बहुतेक वेळा तो गेलेलाच नसतो.

हे सगळं चक्र किती वेगात फिरणार ते पाण्याच्या तापमानावर. २५ अंशांच्या आसपास साधारण तीन ते सात दिवस, थंड पाण्यात कित्येक आठवडे. आणि ३० अंशांच्या वर याची वाढ बहुतेक खुंटते, म्हणून एप्रिल-मेमध्ये मुंबईतल्या बिनएसी घरात टँक आपोआप तिशीला टेकलेला असताना इच कमीच दिसतो. त्रास होतो पावसाळ्यात गारवा आला की, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, आणि सगळ्यात जास्त एसी बेडरूममधल्या टँकला, कारण रात्रभर एसी, दिवसा बंद, पाणी रोज वरखाली आणि माशाची प्रतिकारशक्ती ढेपाळते. एसीच्या खोलीत टँक ठेवायचाच असेल तर हीटर पाहिजे, "मुंबईत कशाला हीटर" हे ऐकायचं नाही.

ओळख

ठिपके दिसायच्या आधी मासा वागण्यातून सांगतो. दगडाला, हीटरला अंग घासतो, पर मिटून कोपऱ्यात बसतो, फिल्टरच्या धारेखाली तोंड वर करून श्वास घेतो, खाणं टाकतो. पण अमोनिया वाढला तरी मासे हेच सगळं करतात, म्हणून औषधाच्या आधी पाणी टेस्ट करायचं, नाहीतर बिघडलेल्या पाण्यात औषध ओतून दुहेरी मार. आणखी एक गफलत गोल्डफिशच्या बाबतीत नेहमीची. नराच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला ओळीने पांढरे दाणे आले तर ती प्रजननाची खूण आहे, रोग नाही. इचचे ठिपके असे शिस्तीत येत नाहीत, अंगभर, शेपटीवर, कुठेही येतात. कापसासारखा पुंजका असेल तर ती बुरशी किंवा बॅक्टेरिया, त्याचं औषध वेगळं. खात्री करायची तर कातडीवरचा चिकट स्राव खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, तिथे इच गरागरा फिरताना दिसतो आणि त्याचं नालाच्या आकाराचं केंद्रक ओळखू येतं.

वेल्वेट हा दुसरा परजीवी आजार जास्त डेंजर, कारण दिसतच नाही. गोड्या पाण्यात तो पिसिनूडिनियम नावाच्या एकपेशीय जिवामुळे होतो. खोलीतला लाइट बंद करून टॉर्च बाजूने तिरका मारला तर अंगावर सोनेरी-पिवळट पावडरचा थर चमकतो, समोरून बघून काही कळत नाही. या जिवात हरितद्रव्य असतं म्हणून टँकचे दिवे बंद करून वर चादर टाकायची, सोबत तांब्याचं औषध.

उपचार

आधी टँकमध्ये पाणी किती ते मोजा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये गुणून हजाराने भागलं की लिटर मिळतात. ६० बाय ३० बाय ३० चा टँक कागदावर ५४ लिटरचा, पण ग्रॅव्हल, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली तर पंचेचाळीसच्या आसपास. अंदाजपंचे 'दोन झाकणं' टाकून जेवढे मासे मरतात त्यातले कितीतरी इचने मेले नसते असं मला वाटतं.

मग इचसाठी दिवसाला एक-दोन अंश असं करत पाणी ३० पर्यंत न्यायचं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो म्हणून एअर पंप जोरात, किंवा जास्तीचा एअरस्टोन. गोल्डफिशला एवढी उष्णता मानवत नाही, त्याला मीठ बरं. किराण्याकडचं जाडं मीठ लिटरला २ ते ३ ग्रॅम, म्हणजे वरच्या टँकला शंभर-सव्वाशे ग्रॅम, तेही दोन-तीन दिवसांत थोडं थोडं आणि वेगळ्या भांड्यात विरघळवून. झाडांना मीठ सोसत नाही, कॉरीडोराससारख्या कॅटफिश जातीच्या माशांना जपून. पाणी बदलताना जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत टाकायचं, हे विसरून लोक दरवेळी पूर्ण डोस देतात.

एवढ्याने भागत नसेल तर मॅलाकाइट ग्रीन, एकटं किंवा फॉर्मालिनसोबत. बाजारातल्या बऱ्याच इचच्या बाटल्यांत हेच असतं. औषध टाकण्याआधी फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर सगळं तोच शोषून घेतो. टेट्रा आणि बिनखवल्याचे मासे, म्हणजे लोच वगैरे, यांना बहुतेक वेळा अर्धाच डोस देतात. हातात ग्लोव्ह्ज घालायचे, हे रसायन माणसालाही चांगलं नाही, खाण्याच्या माशांत त्याला बंदी आहे. दर दोन-तीन दिवसांनी तळ सायफनने ओढून पाव टँक पाणी बदला, त्यात कवचं बाहेर जातात आणि हे काम औषधाइतकंच महत्त्वाचं. नळाच्या पाण्याला अँटी-क्लोरीन लागतंच. शेवटचा ठिपका गेल्यावर किमान तीन-चार दिवस सगळं तसंच चालू ठेवायचं, एकूण दहा ते चौदा दिवस धरून चाला.

बाकीचे पाहुणे

चपटे कृमी म्हणजे फ्लुक्स. कल्ल्यातला डॅक्टिलोगायरस अंडी घालतो, कातडीवरचा गायरोडॅक्टिलस थेट पिल्लू देतो आणि त्या पिल्लाच्या पोटात आधीच पुढचं पिल्लू तयार असतं. डोळ्याला काही दिसत नाही, मासा एकाच बाजूचा कल्ला हलवतो, ही एक खूण. औषध प्राझिक्वांटेल, लिटरला २ ते ३ मिलिग्रॅम, पण अंड्यांवर ते चालत नाही म्हणून काही दिवसांनी परत द्यावं लागतं. तीच इचवाली गोष्ट.

अँकर वर्म नावाला वर्म, असतो कवचधारी. गोल्डफिश आणि कोईच्या अंगातून बाहेर आलेला दोऱ्यासारखा तुकडा आणि टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सावकाश ओढायचा, डोकं आत तुटलं की जखम चिघळते, आणि वर पोव्हिडोन आयोडीन. काढला म्हणून संपलं नाही, पिल्लं पाण्यात असतात. माशाची ऊ म्हणजे आर्ग्युलस मात्र चपटी, पारदर्शक, अंगावर इकडेतिकडे सरकताना दिसते.

पोटातले वेगळे. ऑस्कर, डिस्कस, फ्लॉवरहॉर्न पांढरी, लांब, शेंबडासारखी विष्ठा टाकत असेल आणि बारीक होत असेल तर स्पायरोन्यूक्लिअस किंवा हेक्झामिटा या आतड्यातल्या एकपेशीय जिवांचा संशय, उपचार मेट्रोनिडाझोल, मासा खात असेल तर खाण्यातूनच. गपीच्या मागून लाल केसासारखं काही लोंबत असेल तर कॅमॅलॅनस हा गोल जंत, त्याला लेव्हामिसोल. निऑन टेट्राचा स्वतःचा एक आजार आहे, रंग पट्ट्यापट्ट्याने उडतो, त्याला औषध नाही, मासा बाजूला काढणं एवढंच. खाऱ्या टँकमधला पांढरा ठिपका हा वेगळा जीव, क्रिप्टोकॅरिऑन. त्याला गरम पाण्याची युक्ती लागू नाही, तांबं चालतं पण कोरल असलेल्या टँकमध्ये अजिबात नाही, गोड्या पाण्यातल्या झिंग्या-शंखांचीही तांब्याने वाट लागते.

घरच्या मोठ्यांचा ठरलेला प्रश्न, "पोरांना लागेल का?" इच, वेल्वेट, फ्लुक्स माणसाला होत नाहीत. टँकमध्ये घातलेले हात साबणाने धुवायचे ते वेगळ्या जंतूंसाठी.

माशाला बघणारा डॉक्टर मुंबईत सहज मिळत नाही, बहुतेक सल्ला दुकानाच्या काउंटरवरूनच येतो आणि तिथे तो बाटलीसकट येतो. वर्सोव्यात १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, माशांच्या आरोग्याचा अभ्यास तिथे होतो.

यातलं बरंच टळतं ते क्वारंटाइनने. वीस लिटरचा प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर, वेगळी जाळी, नवीन मासा तीन-चार आठवडे तिथे. वन बीएचकेत जागा कुठे, तर बेडखाली सोडून कुठेही. माशांना घालायचे जिवंत ट्यूबिफेक्स किडे घाण पाण्यातून येतात, त्यापेक्षा फ्रोझन किंवा सुके बरे. आणि इच झाला म्हणून ग्रॅव्हल उकळायची, टँक ॲसिडने धुवायचा, झाडं फेकायची काही गरज नाही. सगळे मासे टबमध्ये हलवून त्यांचे उपचार तिथे करायचे, मुख्य टँक २८ अंशांवर फिल्टर चालू ठेवून दहा-बारा दिवस बिनमाशांचा ठेवला की त्यातला इच उपाशी मरतो, आणि फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया जगावे म्हणून रोज चिमूटभर खाणं टाकत राहायचं.